अर्थिंगच्या पाइपात करंट

१२ मार्च २००६, रवि.
पॉवर सप्लाय एकदाचा झाला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, भंगारातल्या टेपचा ट्रान्सफॉर्मर, बाकी सटरफटर द्वारका चौकातल्या दुकानांतून. पत्र्याला अर्थिंग हवं म्हणून मागच्या दारी लोखंडी पाइप ठोकला, त्याची वायर डब्याला जोडली. दादा म्हणे, "कारखानाच काढला भाऊनं." म्हणू दे. गुलाब लावणाऱ्याला काय कळणार!

१६ मार्च
संध्याकाळी डब्याला हात लागला. कोपरापर्यंत झटका. हादरलोच. सकाळी तर काहीच नव्हतं.

१९ मार्च, रवि.
ट्रान्सफॉर्मर काढून परत बसवला, खाली रबर घातलं. दुपारभर ठीक. दिवेलागणीला पुन्हा तेच. या खेपेला दादासमोर. तडकला. "कुनाचा जीव घेतो का? हे टेबल हलव, नायतर भंगारात घालतो." दिवसभर कंपनीत बोल्ट आवळायचे, घरी हे एक टेबल काय ते माझं. तेही गेलं तर... जेवण गेलं नाही.

२२ मार्च
टेस्टर केला. रिकाम्या बॉलपेनात जुन्या बोर्डातला निऑन दिवा, रेझिस्टर, टोकाला दाभण. संध्याकाळी डब्याला लावला, पेटला. डब्याची पिन उपटली. तरी पेटलेलाच! डोकं चालेना. अर्थिंगची वायर सोडली तेव्हा विझला. मागच्या दारी जाऊन पाइपाला लावला. पेटला. ज्यानं वाचायचं त्यातच करंट उतरलेला!

पाइपाला आणखी एक वायर गुंडाळलेली. ओसरीवरच्या बल्बची, जिथे दादा-वहिनी रोज संध्याकाळी गुलाबाच्या जुड्या बांधतात. दादाला विचारलं तर ऐटीत, "डीपीचा न्यूट्रल, ती परतीची तार, ढिला हाय, बल्ब नुसता मिणमिणतो. मंग तुझ्या पाइपातनं जमिनीचा घेतला. आता कसा लख्ख जळतो! सगळे मळेवाले तेच करत्यात."

बल्बचा करंट पाइपात, जमीन कोरडी ठणठणीत, जाईल कुठे? माझ्या डब्यात. आणि मी बिचाऱ्या ट्रान्सफॉर्मरला शिव्या घालतोय. दादाला समजावलं. "उद्या बघू" म्हणाला.

२३ मार्च


कंपनीतून आलो. ओसरीवर बल्ब चालू, वहिनी मागे कपडे वाळत घालत होती. अनवाणी. कपड्यांची तार त्याच पाइपाला बांधलेली, हे मला आज दिसलं. "हात काढा!" म्हणून ओरडलो. तारेला पेन लावला. पेटला.

वहिनी पेनाकडे बघतच राहिली. "मंग त्या झिणझिण्या... होळीपासनं हात झिणझिणतो. मी म्हटलं वात हाय. लसणाचं तेल चोळती रोज."

दादा दारात होता. त्याचं तोंड पांढरं पडलं. त्यानं बटण बंद केलं, पाइपावरची बल्बची वायर सोडली. टेबलाचं नावसुद्धा काढलं नाही.

ओसरीवर अंधार. जुड्या अर्ध्याच बांधून झालेल्या, माल पहाटे जायचा.

वहिनी दादाला म्हणाली, "काटे दिसत नायत. लावा ना परत. मी तारेला हात नाय लावत."

मी हे ओसरीवरच मेणबत्तीपाशी लिहितोय. दादा पायरीवर बसलाय, वायर अजून हातात. माझ्याकडे बघतोय.