जितकी बाजू, तितकं सारं

६ ऑक्टोबर
आजपासून रोजनिशी. आजपासून तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद. आणि आठवीला प्रमाण अन् समरूप आकृती असं शिकवायचं, की पोरं जन्मात विसरू नयेत.
मी मूळचा इतिहासाचा. शिक्षकांच्या समायोजनाच्या गोंधळात गणित अंगावर पडलं असं लोक म्हणतात. मी म्हणतो, गणिताला माणूस मिळाला. रीता मॅडम गणित घेऊन बी.एस्सी. झाल्या आहेत, पण त्या नव्या, म्हणून पाचवीला. ज्येष्ठता नावाची काही गोष्ट असते.

८ ऑक्टोबर
शाळेच्या गेटवर धनीराम उभा. गावतलावात मासे धरतो, त्याची दामिनी माझ्या वर्गात. पोरगी गणितात तेज आहे, हे मी कबूल करतो. आमची शाळा आठवीपर्यंत. धनीरामचं म्हणणं सरळ होतं. फेब्रुवारीतल्या परीक्षेत शिष्यवृत्ती लागली तर तो पोरीला मामाकडे तुमसरला ठेवून पुढे शिकवणार. नाही लागली तर घरी, कारण सिहोऱ्याच्या बाजारात मासे घेऊन बसायला तिची माय एकटी पडते.
म्हटलं, धनीराम, पोरगी माझ्या हवाली केली ना, आता निवांत राहा.
इथे लिहून ठेवतो: दामिनीची शिष्यवृत्ती ही माझी जबाबदारी.

१० ऑक्टोबर
दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्राच. दिवसा बाजार अन् दंडारीचा नाच, रात्री नाटक. नाटकाचे पडदे दरवर्षी भाड्याने येतात. यंदा मंडई कमिटीसमोर मीच प्रस्ताव ठेवला की तलावाचा पडदा आठवीची पोरं रंगवतील. आधी छोटा नमुना, मग तोच चौकटी आखून मोठा. समरूप आकृतीचा जिवंत प्रकल्प. जिल्ह्यात असं कोणी केलेलं नसेल.
कमिटीचे भय्याजी म्हणाले, जमन का सर? मी नुसता हसलो. हसण्यातच उत्तर होतं.

१३ ऑक्टोबर
नमुना झाला. पाच फूट बाय चार. मागे डोंगर, बाकी सगळा तलाव. निळ्या रंगाचा एक डबा लागला, बरोबर संपला.
मोठा पडदा वीस बाय सोळा. म्हणजे चारपट. म्हणजे निळे डबे चार. फळ्यावर त्रैराशिक मांडून दाखवलं आणि तिथल्या तिथे एक सूत्र सुचलं: जितकी बाजू, तितकं सारं. बाजू चारपट, तर डोंगर चारपट, तलाव चारपट, रंग चारपट. पोरांनी एका सुरात म्हटलं. व्हरांड्यातून जाणाऱ्या रीता मॅडम थबकल्या. ऐकतच राहिल्या.
दामिनीने हात वर केला. तिचं म्हणणं, लांबी पण चारपट अन् रुंदी पण चारपट, म्हणजे त्या पडद्यावर असे सोळा नमुने बसतील, तर डबेही सोळा लागतील. वर्ग हसला. मी हसलो नाही, मी शिक्षक आहे. समजावून सांगितलं की बाई, एकदा चारपट केलं की केलं, पुन्हा चारपट करणं म्हणजे एकाच माणसाने दोनदा मतदान करणं. उपमा छान जमली. ती खाली बसली.
हुशार पोरांचं हेच असतं. सोपं दिसलं की विश्वास बसत नाही.

३१ ऑक्टोबर
सुट्टीतही सात-आठ पोरं येतात. रंग उत्साहात चालू आहे. तुमसरहून चार डबे आणले. दुकानदार म्हणाला, एवढ्या मोठ्या कापडाला पुरणार नाही. धंदेवाईक माणूस, जास्त खपवायला बघतो. त्याला सूत्र ऐकवलं. त्याने बिल फाडलं.
खर्रा बंदच. भय्याजींनी आग्रह केला तो मोजत नाही.

५ नोव्हेंबर, दुपार
चारही डबे संपले. तलाव डाव्या कोपऱ्यात आहे, उरलेला पडदा पांढरा. रंगात नक्की भेसळ. दुकानदाराला फोन करून झापलं. त्याने विचारलं, सर, तुम्ही कोणता विषय शिकवता? फोन ठेवला. उद्या मंडई, दुकान लांब, आता वेळ नाही. पोरांना म्हटलं, आहे त्यात पाणी घालून पुढे ओढा.
दामिनी डब्याच्या तळाचा रंग काडीने खरवडून काढत होती. शिस्त अशी हवी.

७ नोव्हेंबर
काल नाटक झालं.
तिसऱ्या अंकात नायिका तलावात उडी घेते. पडदा उघडला. तिने आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे पाहिलं, आणि पदर सावरत कोपऱ्यातल्या निळ्या तुकड्यापर्यंत चालत गेली, आणि तिथे उडी घेतली. अख्ख्या मांडवात हशा. मागून कोणी तरी ओरडलं, मास्तरनं तलाव आटवला. धनीराम पुढेच बसला होता. मला म्हणाला, मी आता मासोळ्या कुठं पाहू सर? आणि सगळ्यांबरोबर हसला. मनाने चांगला माणूस आहे, पण कला कळत नाही.
कमिटीला सांगितलं, तो उन्हाळ्यातला तलाव आहे. भय्याजी म्हणाले, अस्सं का.
खर्रा एक. घशासाठी.

२ डिसेंबर
केंद्रप्रमुख न कळवता आले. सरळ आठवीत. फळ्यावर चौरस काढला, विचारलं, बाजू दुप्पट केली तर क्षेत्रफळ किती पट होईल? अख्खा वर्ग एका दमात: दुप्पट. असा खणखणीत आवाज की माझी छाती फुगली. साहेबांचा चेहरा मात्र पडला.
मग त्यांनी दामिनीला उभं केलं. मुख्याध्यापकांनी सांगून ठेवलं असावं की ही पोरगी शिष्यवृत्तीला बसते आहे. ती उभी राहिली. साहेबांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "दुप्पट."
साहेब म्हणाले, घाई नाही, विचार करून सांग. ती पुन्हा म्हणाली, "दुप्पटच, सर."
नंतर ऑफिसात साहेबांनी विषय काढला की आठवीचं गणित रीता मॅडमकडे का देऊ नये. म्हटलं, परीक्षा तोंडावर आली, आता शिक्षक बदलला तर पोरं बिचकतील. ठीक आहे, परीक्षेपर्यंत चालू द्या, असं म्हणून ते गेले.
वाचलो. म्हणजे पोरं वाचली.

३ डिसेंबर
घरी चौकटीच्या कागदावर चौरस काढला. बाजू एक घर. मग दुसरा, बाजू दोन घरं. आतली घरं मोजली. चार. कागदाची छपाई हल्ली बरोबर नसते, म्हणून पट्टीने स्वतः आखून पुन्हा मोजली. चार. बायको भाजी निवडत होती, तिला कारण न सांगता मोजायला लावलं. तिने न मोजता चार म्हटलं.
ठीक आहे. चौरसापुरतं ते खरं असेल. डोंगर-तलावाचं वेगळं असतं.
रंगात भेसळ नसावी, असं वाटून गेलं.
एक गोष्ट राहून राहून डोक्यात येते. दामिनीला चौपट हे ठाऊक होतं. पडद्याच्या वेळीच ठाऊक होतं. मग काल माझ्याकडे पाहून दुप्पट का म्हणाली?
संकल्प: उद्या पहिल्याच तासाला दुरुस्ती. चूक म्हणायचं नाही, 'पुढचा टप्पा' म्हणायचं.

४ डिसेंबर
वर्गात शिरलो तर पोरं उभी राहून एका सुरात म्हणाली, जितकी बाजू, तितकं सारं. कोणी शिकवलं नव्हतं, आपणहून. एवढा विश्वास एका दिवसात कसा मोडायचा? शिक्षणशास्त्रात सुद्धा हळूहळू असंच आहे.
पुढच्या आठवड्यात नक्की.

१२ डिसेंबर
मतदार यादीचं काम. घरोघरी. शिक्षकाला शिकवू देत नाहीत, ही खरी शोकांतिका. धनीरामच्या घरीही गेलो. त्याची बायको जमुनाबाई चहा ठेवत होती, दामिनी ओट्यावर गणितं सोडवत बसलेली. मी दिसताच उभी राहिली. जमुनाबाई म्हणाली, दिवसभर हेच करून राहिली सर, म्हणते, सर अस्सं सांगतात, सर तस्सं सांगतात. यादीतली नावं तपासली आणि निघालो. चहा राहिला.

२३ डिसेंबर
तालुका क्रीडा. कबड्डीचा पंच म्हणून नाव लागलं. गुडघा दुखतो. इतका, की डोक्यानेही काही काम करू नये.

९ जानेवारी
स्नेहसंमेलनाची तयारी.
रीता मॅडमनी मधल्या सुट्टीत विचारलं, आठवीला क्षेत्रफळाचा एक तास मी घेऊ का सर, रिव्हिजन म्हणून? त्यांना म्हटलं, पोरांचं रिव्हिजन झालंय, आता नवं काही डोक्यात घालू नये. म्हणाल्या, बरं. त्यांचा हेतू चांगला असेल. नवीन लोकांच्या हेतूंचं खात्रीने सांगता येत नाही.
हो म्हटलं असतं तर एका तासात सुटलं असतं. पण मग पोरांना वाटलं असतं की सर चुकले. शिक्षकावरचा विश्वास गेला की पोर गेलं. हे मी पोरांसाठीच करतो आहे.

२७ जानेवारी
काल झेंडावंदनाला धनीराम आला होता, धुतलेला सदरा घालून. विचारलं, "होईन न सर, माया पोरीचं?"
शंभर टक्के, म्हणालो. तोंडातून निघून गेलं. टक्केवारी हा माझा आवडता भाग आहे.
खर्रा दोन.

६ फेब्रुवारी
परीक्षेआधीचा शेवटचा तास. आज सांगायचंच, असं ठरवून गेलो. खडू घेतला, फळ्यावर मोठ्या अक्षरात 'क्षेत्रफळ' लिहिलं. मागे वळलो. दामिनी पहिल्या बाकावर, पेन उघडून बसलेली. मी जे म्हणेन ते लिहून घ्यायला.
पुसून टाकलं. म्हटलं, घाबरू नका. शांतपणे वाचा. आणि मी जसं शिकवलंय तसंच लिहा.
शेवटचं वाक्य बोलायचं नव्हतं. सवयीचं आहे.

८ फेब्रुवारी
पोरांना केंद्रावर घेऊन गेलो. धनीराम आला होता, बायको बाजारात. आम्ही दोघं बाहेर झाडाखाली बसलो. तो तलावाबद्दल बोलत होता, यंदा गाळ वाढला, मासेमारीचा लिलाव कोणी घेईल की नाही, असलं काही. मी हूं हूं करत होतो.
पेपर सुटला. दामिनी सगळ्यांत आधी धावत माझ्याकडे आली, बापाकडे नाही. तो प्रश्न आला होता. फोटोची प्रत्येक बाजू तिप्पट केली, तर क्षेत्रफळ किती पट?
"काय लिहिलंस?"
"तिप्पट. तुमी सांगलं तसंच." मग म्हणाली, "मले तं नऊपट वाटत होतं, सर. पण तुमी चुकीचं कायले सांगान?"
शाब्बास म्हणालो. पाठीवर थाप मारली. धनीरामने हात जोडले.
एक प्रश्न. एका प्रश्नाने काय होतं?

१० फेब्रुवारी
त्या सूत्रावर बेतलेले आणखी दोन प्रश्न होते म्हणे. रीता मॅडमनी स्टाफरूममध्ये पेपर सोडवला. मोठ्याने. मला पाण्याची टाकी तपासायची होती, म्हणून मी उठलो.

१८ मे
निकाल. यादीत दामिनी नाही. थोडक्यात गेलं म्हणतात. किती थोडक्यात, ते मी विचारलं नाही.
नव्या सत्रापासून आठवीचं गणित रीता मॅडमकडे. मला कला आणि कार्यानुभव. आदेश हातात मिळाला. मॅडमला शुभेच्छा दिल्या. मनापासून दिल्या असं ठरवलं.

२० मे, संध्याकाळ
आज धनीरामकडे गेलो. सांगायचंच, म्हणून गेलो. की पोरीला उत्तर येत होतं, पडद्यापासून येत होतं, आणि ते मी मोडलं. की तिला तुमसरला पाठवा, शिष्यवृत्तीविना पाठवा. वाटेत वाक्य सुद्धा जुळवलं. चांगलं वाक्य होतं.
तो ओट्यावर जाळं विणत बसला होता. दामिनी आत परातीत मासे साफ करत होती. मी तोंड उघडायच्या आतच त्याने मला खाटेवर बसवलं आणि म्हणाला, "सर, तुमी मनाले लावून नका घेऊ. तुमी तं लय केलं. पोरीचं डोकंच नाही गणितात, तं तुमी काय करान?"
आतला परातीचा आवाज थांबला. दारातून ती दिसत होती. मान वर केली नाही. ती काही तरी बोलेल म्हणून मी वाट पाहिली. मग परातीचा आवाज पुन्हा सुरू झाला.
मी म्हणालो, होतं असं कधी कधी.
निघताना धनीरामने पिशवीत मासे घातले. नको नको म्हटलं. मग घेतले.