टोपलीखालचे पाय

माकुणसार,
५ ऑक्टोबर २०२५

चि. पित्या यास,

ताईचा आशीर्वाद, आणि सोबत पाठीत एक धपाटा. बोईसरला जाऊन बसलास त्याला दोन वर्षं होतील. सफाळ्याला उतरून रिक्षा मिळते, एवढं तरी आठवतं ना?

इकडे सगळं ठीक. चिकू यंदा चांगलाच लागलाय. आईचे गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र सुरळीत चालू आहे. जानूकाका रोज सकाळी ओट्यावर बसून तुझी चौकशी करतात आणि माझ्या वाटचा चहा पितात. मी चाकाच्या खुर्चीतून अंगणभर हुकूम सोडत फिरते.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र शेजारच्या मेघालीच्या हाती देतेय. ती तुझ्या कंपनीच्या गेटवर तू वाचेपर्यंत उभी राहणार आहे, तेव्हा लवकर वाच, तिची बस चुकेल.

तिनंच परवा सांगितलं. तू तिला म्हणालास, “ताईनं मला पायाला हात लावू दिला नाय. सगळ्यांसमोर ओरडली. आता कुठल्या तोंडानं येऊ?”

म्हणजे दोन वर्षं तू हे मनात घेऊन बसलास! वेडा आहेस. आणि मी तुझ्याहून वेडी, कारण चूक माझी आहे.

मी चिकूच्या झाडावरून पडल्यावर चार महिन्यांनी तू विचारलंस, “ताई, आता दुखत नाय ना?” तुझा चेहरा बघवेना, म्हणून म्हटलं, अजिबात नाही. ते खोटं होतं. पाय हलत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं त्यांना काही कळतही नसेल. पण मला दिवसभर तळव्यांना मिरची चोळल्यासारखं होतं. नुसती चादर घासली तरी जीव कळवळतो. पालघरचे डॉक्टर म्हणाले, मणक्यातल्या नसांना मार बसला की असं होतं. गोळ्यांनी थोडं कमी होईल, जाईलच असं नाही.

म्हणून मी पायांवर चिकूची रिकामी टोपली उपडी ठेवते आणि चादर तिच्यावरून घेते. जानूकाका विचारतात, “शालू, कोंबडा डाललाय काय गो?” मी म्हणते, दोन डाललेत, दोन्ही फार चावतात.

त्या भाऊबिजेला तू यायच्या आधी मीच आईला सांगून टोपली लपवली. तुला दिसली असती तर तू विचारलं असतंस. ओवाळून झालं आणि तू नेहमीसारखा वाकून पाय धरलेस. ते ओरडणं दुखण्याचं होतं रे. “हात लावू नकोस” एवढंच तोंडातून फुटलं आणि तू ताटातलं फराळाचं तसंच टाकून निघून गेलास. तेव्हाच हाक मारून सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं, तर सगळंच सांगावं लागलं असतं.

आता आणखी एक. मी पडले त्या दिवशी तुझा फोन वाजला, तू शिडी सोडून दोन पावलं बाजूला गेलास, हे खरं. पण शिडी जागची हलली नव्हती. मी हावरटासारखी वरच्या चिकूंसाठी शिडीवरून फांदीवर गेले आणि ती मोडली. तू शिडी दोन्ही हातांनी धरून उभा असतास तरी मी पडलेच असते. हे मी तुला आजवर एकदाही बोलले नाही. वाटलं, विषय काढला तर तुला लागेल. न काढल्यानं किती लागलं, ते आता कळतंय.

माझा तुझ्यावर कधीच राग नव्हता. आताही नाही. फक्त तुझी फार आठवण येते.

भाऊबीज तेवीस तारखेला आहे. आई करंज्या करणार आहे, त्यातल्या जळलेल्या नेहमीप्रमाणे तुला. यंदा टोपली लपवणार नाही. तिच्याकडे बघून रडायचं नाही, हसलास तर चालेल. आणि ओवाळल्यावर माझ्या पायांशी वाकू नकोस. लहानपणी शाळेतून आल्यावर पडायचास तसा गळ्यात पड. तिथं मला काही दुखत नाही.

वाट बघणारी,
तुझी शालूताई