एकट्या माणसाला खोली नाही

६ जानेवारी, मंगळवार
नवी डायरी. संकल्प पहिला: हिच्यात फक्त खरं लिहायचं.

चेतन गोकर्णला एकटाच जाऊन आला. अठ्ठावीस वर्षांचा पोरगा, ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर. सोलो ट्रिप म्हणतात त्याला. म्हणाला, सर, तुम्हीपण जाऊन बघा एकदा, माणूस स्वतःला भेटतो. मी म्हटलं, मी स्वतःला रोज भेटतो. पण ते डोक्यातून जाईना. एकावन्नाव्या वर्षापर्यंत मी एकटा कुठेच गेलेलो नाही. चष्म्याचा नंबर काढायलासुद्धा बायको बरोबर होती.

ठरलं. काहीही न ठरवता, एकदम उत्स्फूर्तपणे निघायचं. शनिवारी.

७ जानेवारी, बुधवार
रत्नागिरी नक्की. समुद्र आहे, आणि शहर असल्यामुळे मेडिकलची दुकानंही आहेत.

घरी सांगायचं नाही. लग्नाला चोवीस वर्षं झाली, आम्रपालीला मी एक रात्रही एकटं सोडलेलं नाही. तिला सवयच नाही. निकिता कॉलेजला जात असली तरी आतून लहानच आहे. सांगितलं तर मायलेकी रडतील आणि माझा पाय निघणार नाही.

उद्देश: एकांत. घरात माझी किंमत कळावी हा उद्देश अजिबात नाही. ती आपोआप कळेल.

८ जानेवारी, गुरुवार
आम्रपाली शाळेतल्या मुलांचे गणिताचे पेपर तपासत बसली होती. सहज विचारलं, समज मी दोन दिवस घरी नसलो, तर काय करशील? तिने पेन खाली ठेवलं. कधी, म्हणाली. आवाज कापरा वाटला. मी लगेच विषय बदलला. झोपताना तिने पुन्हा विचारलं, अहो, कधी म्हणालात? फार जीव आहे तिचा. जवळजवळ बेत रद्द करणार होतो.

९ जानेवारी, शुक्रवार
छोटी बॅग. दोन शर्ट, टॉवेल, ॲसिडिटीच्या गोळ्या.

चिठ्ठीचे तीन मसुदे झाले. पहिला फार हळवा, दुसरा ऑफिसच्या पत्रासारखा. शेवटी असा: ‘मी जात आहे. शोधू नये. फ्रीजमधली दोडक्याची भाजी संपवावी. दशरथ.’ भाजीचं वाक्य धीर यावा म्हणून घातलं.

१० जानेवारी, शनिवार
पहाटे ४.५०. चिठ्ठी फ्रीजवर लावली. कुणी जागं झालं तर समजूत घालावी म्हणून दाराशी पाच मिनिटं थांबलो. दोघी गाढ. दार जरा जोरात लागलं. वारा असावा. तरी गाढच.

सकाळी ९.४०, कराड. फोन मुद्दाम सायलेंटवर. त्यांचा रडवेला आवाज ऐकला तर मन कच्चं व्हायचं. मिस्ड कॉल नाही. चिठ्ठी वाचून अजून सावरल्या नसतील.

दुपारी १.१५, आंबा घाट. फोटो काढला, त्यात शेजारच्या बाईंचं कोपर आलं. फोन सायलेंटवरून काढला. काही इमर्जन्सीपण असू शकते.

दुपारी ३.३०, रत्नागिरी. दिवसभरात एकच कॉल, क्रेडिट कार्डवाल्या मुलीचा. मी रत्नागिरीला एकटा आलोय हे तिला सांगितलं. व्हेरी नाइस सर, म्हणाली. गोड मुलगी.

संध्याकाळी ७. सविस्तर लिहितो, कारण चूक माझी नव्हती.

पहिल्या लॉजवर एकट्याला खोली देत नाही म्हणाले. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्याचे मालक दीनानाथ म्हणून, माझ्याच वयाचे. त्यांनी निदान बसायला खुर्ची दिली. सामान एवढंच का, म्हणाले. मी म्हटलं, जास्त लागणार नाही. कशासाठी येणं केलंत? मी म्हटलं, शांततेसाठी; वरच्या मजल्यावरची, समुद्राकडची खोली द्या आणि उद्यापर्यंत कोणी दार वाजवू नका. मालक जरा सावरून बसले. घरी सांगून आलात ना? मी म्हटलं, चिठ्ठी ठेवलीय.

त्यांनी ताबडतोब आतून बायकोला बोलावलं. तिने मला पाणी दिलं आणि अगदी प्रेमाने सांगितलं की दादा, सगळं निभावून जातं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. एकटी माणसं खोली घेऊन जिवाचं काहीतरी करून घेतात आणि मग पोलिसांच्या खेपा मालकाच्या मागे लागतात, म्हणून हा नियम. मी खदखदून हसून दाखवलं. त्याने ते जास्तच घाबरले. शेवटी म्हणाले, मिसेसना फोन लावा, त्या हो म्हणाल्या तर खोली देतो.

काउंटरवरच्या फोनवरून लावला. मालकांनी स्पीकर सुरू करायला लावला. ताई, तुमचे मिस्टर आमच्याकडे आलेत, त्यांनी सांगितलं. आम्रपाली म्हणाली, राँग नंबर, आमचे हे आत झोपलेत. मग दार उघडल्याचा आवाज. मग म्हणाली, नाहीत की!

तेव्हा संध्याकाळचे पाच वाजून गेले होते. मी घर सोडून बारा तास.

शनिवारी उठवलं की चिडतात, म्हणून जेवायलाही हाक मारली नाही, असा खुलासा तिने मालकांकडे केला. मालकांनी जपून विचारलं, काही टेन्शन वगैरे? तर म्हणाली, छे हो, तसलं काही करायचे नाहीत ते, झुरळ दिसलं तर पलंगावर चढून मला हाक मारतात. मालकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं. समोर दोन गिऱ्हाईकं उभी होती, त्यांच्याही.

खोली मिळाली. तळमजला, काउंटरच्या समोर. खिडकीतून पार्किंग दिसतं. आतून कडी लावायची नाही ही अट.

आम्रपालीने फोन ठेवताना मला एवढंच विचारलं, उद्या किती वाजता याल? काळजी, दुसरं काय.

११ जानेवारी, रविवार
सकाळी ८. रात्री चार वेळा दार उघडून चहा विचारला.

पहाटे भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. एकटा नाही. कोंडीराम, लॉजचा वॉचमन, मालकांनी बरोबर दिला. मी पुढे, तो दहा पावलं मागे. पाणी घोट्यापर्यंत आलं की शिट्टी. मी वाळूत बसलो, तोही बसला. स्वतःला भेटायचा प्रयत्न चालू केला, तेवढ्यात त्याने विचारलं, साहेब, घरात कोण बोलत नाही का तुमच्याशी? मी म्हटलं, बोलतात की. काय बोलतात, म्हणाला. आठवून बघत होतो. शिट्टी वाजवून म्हणाला, चला, ऊन चढलं.

१०ची गाडी. संध्याकाळी जाणार होतो, पण घरच्यांचे हाल बघवणार नाहीत.

रात्री ८, घर. बाहेरूनच हसण्याचा आवाज आला. धक्का बसला की माणूस असा हसतो. आत मेव्हणी पद्मजा, तिच्या दोन मैत्रिणी, निकिता. हॉलमध्ये गाद्या, बिर्याणीचं पातेलं, टीव्हीवर सिनेमा. माझ्या आरामखुर्चीवर पद्मजा. मला पाहून सिनेमा थांबवला. अगं बाई, इतक्या लवकर, आम्रपाली म्हणाली. सगळे उठून गाद्या गोळा करायला लागले. मी म्हटलं, चालू द्या. पण कोणी चालू दिलं नाही.

चिठ्ठी फ्रीजवरच होती, उलटी. मागच्या कोऱ्या बाजूवर निकिताचं अक्षर: बासमती, दही, आईस्क्रीम (मोठा पॅक). दोडक्याची भाजी तशीच आहे.

१२ जानेवारी, सोमवार
चेतनने विचारलं, भेटलात का सर स्वतःला? मी म्हटलं, धावती भेट झाली.

घरी विचार केला. चूक कबूल करण्यात कमीपणा नाही. बिचाऱ्या दोघी एकटेपणाला घाबरूनच माणसं गोळा करून बसल्या होत्या. रात्री जेवताना दोघींना जाहीर वचन दिलं: झालं ते झालं, यापुढे तुम्हाला एक दिवसही एकटं टाकून जाणार नाही.

आम्रपालीचा चेहरा उतरला. जो बघायला मी शनिवारी पहाटे दाराशी पाच मिनिटं उभा होतो, अगदी तसा. ताटात भात तसाच राहिला. निकिता म्हणाली, पप्पा, असं एकदम डिसिजन नका घेऊ.

१३ जानेवारी, मंगळवार
ऑफिसातून आलो तर माझं मालवणचं तिकीट काढलेलं. एकच. लॉजवाल्याशी आम्रपाली स्वतः बोलली आहे, हमी दिली आहे, आता अडवणार नाहीत. बॅगही तिनेच भरली. ॲसिडिटीच्या गोळ्या आठवणीने.

गाडी मुद्दाम शुक्रवार रात्रीची घेतली म्हणाली, म्हणजे शनिवार अख्खा मिळतो. कोणाला, ते मी विचारलं नाही.