कोरी पायरी

सोमवार, ३ नोव्हेंबर

कन्हेरीहून सणसरला लेकीकडं आले. संजीवनीनं पुरणपोळी केलती. वाईट न्हवती. लेकीच्या घरी चार दिसाच्या वर राहू न्हाय, पण ह्या खेपेला कारण हाय. नात श्रेया कॉलेजातल्या पोरींसंगं डोंगर चढती. डिसेंबरात ती आमा दोघी आज्यांना कळसूबाईला न्हेणार. दुसरी आजी म्हंजी माझी विहीण, प्रयागबाई. ती सदुसष्टची, मी पासष्टची. रोज किती चढलं ते लिही म्हणून श्रेयानं ही वही दिली. माझी शाळा चौथीपातुर. लिवते तसं.

हितं डोंगर कुठला! सगळा सपाट ऊस. रानात एक बंद पडलेली पाण्याची टाकी हाय, उंच, भोवती सिमेंटचा जिना. त्योच आमचा डोंगर. विहीणबाई म्हणली, तुमी खालीच बसा, आमच्या चपला राखा. म्हणलं, राखते की. गडगडत आलात तर चपलांवरनंच वळखावं लागंल.

बुधवार, ५ नोव्हेंबर

पायऱ्या चौऱ्याऐंशी. दोनदा मोजल्या. विहीणबाई म्हणती तिच्या तीन खेपा झाल्या. खोटं. पहिल्याच खेपेला तिची छाती भात्यावाणी चालती. म्हणून मी लेकीचा करंडा घिऊन गेले न पायरी-पायरीला कुंकवाचं बोट लावलं. बोट पुसलेलं दिसलं तरच तिचा पाय पडला म्हणायचं. आमा दोघींची कपाळं कोरी, पण पायरी काय विचारती?

विहीणबाई म्हणली, अवो, कुंकू देवाच्या पायरीला लावत्यात, ह्या टाकीवर देव कुठला? म्हणलं, तुमी जाऊन बसा, मग हाय.

शनिवार, ८ नोव्हेंबर

पंच्याऐंशी. चाळिसाव्या पायरीच्या वर एक कोरी. उसाच्या मोळ्या मोजण्यात माझा जन्म गेला, माझी मोजणी चुकत न्हाय. हात लावला तर गार, वलसर, आजच घातलेल्या सिमेंटावाणी. एकटीच कोरी बरी दिसंना. लावलं कुंकू.

सोमवार, १० नोव्हेंबर

आणिक तीन कोऱ्या. लावलं. शेजारच्या रानातला म्हस्कूआबा बघत हुता. टाकी बांधताना त्यानं माल वाहिलाय. पायऱ्या चौऱ्याऐंशीच म्हणला. मग माझ्या हातातला करंडा बघितला न दोन पावलं मागं सरला. ठमाबाई, म्हणला, कुंकू लावणं म्हंजी बोलावणं. कुणाला बोलावताय? म्हणलं, तुमच्या म्हातारीला.

हसला न्हाय.

बुधवार, १२ नोव्हेंबर

मी कुंकू लावायचं सोडलं. विहीणबाईनं धरलं. म्हणती, तुमी भ्यालात. भ्याले, व्हय. आज सत्त्याण्णव झाल्या. तिला वरून कळसूबाई दिसती म्हणं. कळसूबाई हितनं मोटारीनं पाच-सहा तास. तिची धाप पार गेलीय. गुडघं दुखत न्हाईत म्हणती. ते मला जास्ती आवडलं न्हाय.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

वलं फडकं घिऊन पुसाया गेले. फडकं लाल झालं. पायऱ्या तशाच.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

विहीणबाई उजाडताच एकलीच गेली. जेवणवखत झाली तरी आली न्हाय. जावई न म्हस्कूआबा चढून आले. चौऱ्याऐंशी पायऱ्या, वर कोण न्हाय, टाकी आतनं ठणठणीत कोरडी. म्हणलं, कुंकू? कसलं कुंकू, म्हणले.

चपला खालच्या पायरीपाशी. नीट, जोडीनं लावलेल्या. दिवसभर मी राखल्या.

जाऊन बसा म्हणलंवतं मीच.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आत्ताच उजाडलंय. करंडा चपलांपाशी ठेवला, वर न्यायचा न्हाय. वही घेतली. विहीणबाईला घिऊनच येते. श्रेया निजलीय, तिला सांगितलं न्हाय.

एकशेवीस. बसून लिवते. सगळ्यांवर कुंकू. वलं. खाली ऊस दिसंना.

दोनशे— वरून हाक. विहीणबाई, दमलात व्हय? तिचाच आवाज. धाप न्हाय.

म्हणलं, चला खाली, संजीवनी रडतीया. म्हणली, आता कशाला, बसले की मी.

खाली निघाले. मोजत. दोनशे झाल्या. तीनशे. जमीन न्हाय—

खालून श्रेया. मला हुडकत आलीय. मोजत चढतीया. ब्याऐंशी, त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी— थांबली. तितंच थांब, पोरी—

वरडले. तिला ऐकू जाईना. तिचं मला येतंय. म्हणती, आजी, इथं एक कोरी राहिलीये. करंडा आणलाय मी, लावू का—

वही टाकते खाली. श्रेये, घावली तर आधी हे वाच. त्या पायरीला कुंकू लावू न—