शेवटच्या लिंबू-वडीवर अडलेला राष्ट्राध्यक्षांचा निकाल

लिटल हेरॉन, मिनेसोटा
११ फेब्रुवारी

ज्यांचे चरण ऐन फेब्रुवारीतही मोज्यांवाचून असतात असे आमच्या कानी आले आहे, त्या ॲरिझोनातील टूसॉननिवासी ज्येष्ठ मेव्हणे व्हर्लिन टोलेफ्सन यांस उणे बावीस अंशांतून मेरिल ओस्टबीचे (मोजे तीन जोड) सविनय अभिवादन.

आपले गुडघे, आपली पाठ आणि माझ्याविषयीचे आपले मत या तिन्हींची प्रकृती कशी आहे? पहिल्या दोहोंना वाळवंटाची हवा मानवली असेल. तिसऱ्याविषयी मला भ्रम नाही. इकडे सर्व क्षेम आहे. आपली भगिनी लव्हॉन खणखणीत आहे. हार्डवेअरचे दुकान चालू आहे. तुमचा ट्रक आमच्या अंगणात बर्फाच्या समाधीत आहे, तथापि दर रविवारी चर्चहून आल्यावर मी तो दहा मिनिटे चालू करून ठेवतो. (यात जिव्हाळा शोधू नये. मृत बॅटरी विकणाऱ्या दुकानदारास मृत बॅटरी पाहवत नाही, एवढेच.) तुमची मासेमारीची खोपटी यंदा गोठलेल्या तळ्यावर कोणी ओढून नेली नाही, त्यामुळे बर्फावर तुमच्या जागी एक चौकोनी पोकळी आहे आणि लोक अकारण तिला वळसा घालून जातात.

नोव्हेंबरातील त्या प्रसंगाचा उल्लेख टाळण्याचा माझा निर्धार होता. पण ज्याचा उल्लेख टाळायचा तो आपोआपच तिसऱ्या परिच्छेदात येऊन बसतो. खिडक्यांच्या कारखान्याने काचविभागातल्या एकोणीस जणांस निरोप दिला, त्यांत एकतीस वर्षांच्या सेवेनंतर तुम्हीही होता, यास तीन आठवडे उलटले होते. थँक्सगिव्हिंगचे जेवण चालू होते. अशा मंगलप्रसंगी देशातील बेरोजगारी विक्रमी नीचांकावर असल्याचे मी साधार सांगितले. ते विधान सांख्यिकीदृष्ट्या निर्दोष होते. तुम्ही म्हणालात, "मग तेवढ्या नीचांकात मी एकटाच मावलो का हो, दाजी?" आणि भोपळ्याच्या 'पाय' या पक्वान्नाचा शेवटचा तुकडा कागदी रुमालावर घेऊन उठून गेलात. व्हर्लिन, माणसे गाव सोडतात, राज्य सोडतात, हे आम्ही समजू शकतो. पण शेवटचा तुकडा? या परगण्यात तो आजवर कोणी घेतलेला नव्हता. आपल्याकडे त्याचा अर्धा घेतात, मग उरलेल्याचा अर्धा, मग त्याचा अर्धा, आणि अखेर जे उरते ते यजमानीण सर्वजण गेल्यावर सिंकपाशी पाठमोरी उभी राहून खाते. लव्हॉन त्या रिकाम्या ताटाकडे बराच वेळ पाहत राहिली होती. तुम्ही रागावला आहात हे मला तुमच्या शब्दांवरून कळले. तिला ताटावरून कळले.

आता मूळ वृत्तान्त. फेब्रुवारीतल्या सूप-भोजनानंतर चर्चच्या तळघरात होणारा वार्षिक वादविवाद यंदाही झाला. अकरा वर्षे तो आपणा दोघांतच झाला. (राष्ट्राध्यक्ष बदलले की आपण टेबलाच्या बाजू तेवढ्या बदलत आलो, एकाचे समर्थन करताना मी वापरलेली वाक्ये पुढच्याच्या समर्थनार्थ तुम्ही शब्दशः वापरलीत, आणि आक्षेप कोणीच घेतला नाही, कारण ती कोणाच्या लक्षातच नव्हती.) विषय नेहमीचा: विद्यमान प्रशासनाची अर्थव्यवस्था आणि रोजगार या क्षेत्रांतील कामगिरी समाधानकारक आहे किंवा कसे. मंडनपक्षी अस्मादिक. खंडनपक्षाची खुर्ची रिकामी. पास्टरबाई मार्गिट यांनी "कोणी आहे का?" असे तीनदा विचारले. सर्वांनी आपापल्या सुपात पाहिले. तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून, हात पुसत, माझी धर्मपत्नी बाहेर आली आणि म्हणाली, "दादाची खुर्ची आहे ना? मग मीच बसते."

माझी तयारी अजोड होती. रंगीत आलेख होते. शिवाय स्वतः सिद्ध केलेला एक आर्थिक निर्देशांकही मी प्रथमच विद्वत्सभेपुढे मांडला: ज्या वर्षी माझ्या दुकानात चिकटपट्टी अधिक खपते, त्या वर्षी प्रजा मोडके तेच जोडून दिवस काढीत असते, ज्या वर्षी रंगाचे डबे खपतात, त्या वर्षी प्रजेला उद्याची भिंत दिसू लागलेली असते. आणि जानेवारीत, मेव्हणे, भर हिमवर्षावात, रंगाचे सात डबे गेले. चाळीस मिनिटे मी बोललो. मागच्या बाकावर दोघे निद्राधीन झाले, तेही अर्थव्यवस्थेवरील विश्वासाचेच लक्षण मानण्यास प्रत्यवाय नसावा.

लव्हॉन तीन मिनिटे बोलली. तिच्याकडे आलेख नव्हता. तिने टेबलावर तुमचा जेवणाचा डबा ठेवला, तोच, हिरवा, कडी वाकलेला. ट्रकमध्ये सापडला म्हणाली. "नोव्हेंबरपासून हा बंद आहे. ह्यांचे आकडे खोटे नाहीत, मी बायको आहे, मला माहीत आहे. पण ह्या डब्याला ते ऐकू जात नाहीत. आणि दुसरी गोष्ट. तुम्ही सगळे टाळ्या वाजवाल किंवा नाही वाजवणार, राष्ट्राध्यक्षांना काही कळायचं नाही. दादाला मात्र कळेल. म्हणून जपून." एवढे बोलून ती बसली.

प्रत्युत्तरासाठी मला पाच मिनिटे होती. ती मी पूर्ण वापरली नाहीत, कारण ऐन वेळी घसा बसला. (तळघरात दमटपणा फार.)

तेवढ्यात मागून कारखान्याचा फोरमन रोलंड झिमर उठला. हा गृहस्थ सभेत बोलल्याची नोंद चर्चच्या इतिहासात नाही. स्वतःच्या लग्नातही त्याने मान हलवूनच काम भागवले होते. तो म्हणाला, "वादात पडत नाही मी. सात एप्रिलपासून दुसरी पाळी सुरू होतेय. डुलुथचं मोठं काम मिळालंय, इस्पितळाच्या खिडक्या. बावीस माणसं लागतील. जुन्यांना आधी विचारणार." आणि बसला.

यानंतर जे झाले ते राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम अभ्यासावे. अर्धे तळघर म्हणाले, पाहा, प्रशासनाची कृपा. उरलेले अर्धे म्हणाले, पाहा, प्रशासन असूनसुद्धा. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी, एकाच बावीस माणसांच्या आधारे, विजय घोषित केला. मात्र प्रत्येक जण बोलता बोलता बोटांवर काहीतरी मोजत होता, आणि ती आकडेवारी राष्ट्रीय नव्हती. कोणाचा जावई, कोणाची पुतणी, कोणी स्वतः. माझ्या निर्देशांकाचे ते सात डबे कुठे गेले होते, तेही मला तेव्हा उमगले. रोलंडच्या बायकोनेच ते नेले होते, कारखान्याच्या जेवणाच्या खोलीसाठी.

आता मतदान. हात वर करून मत देणे आपल्या लोकांना जमत नाही, कारण शेजाऱ्याला दिसते. म्हणून यंदा स्वयंपाकघरप्रमुख आर्लिसबाईंनी अभिनव पद्धती योजली होती: लिंबाच्या वड्यांची दोन ताटे, डावे समर्थनाचे, उजवे विरोधाचे, प्रत्येकी चोवीस वड्या, आपल्या मताच्या ताटातली वडी खावी, जे ताट आधी रिकामे होईल त्याचा जय. या योजनेस कार्यकारिणीने एकमताने मान्यता दिली होती, आणि सात सुजाण, करदात्या, वयाने प्रौढ सदस्यांपैकी एकाच्याही ध्यानात ती एक गोष्ट आली नाही.

बाराव्या मिनिटाला डाव्या ताटात एक वडी उरली. तेराव्याला उजव्यात एक. मग सारे थांबले. कोणीतरी येऊन डावीचा अर्धा कापला. "पोट भरलंय हो, पण एवढंसं घेते." समतोलासाठी उजवीचाही अर्धा गेला. मग पाव. मग त्याचा अर्धा. आर्लिसबाई सुरी पुसून पुसून देत होत्या. पास्टरबाई घड्याळ पाहत होत्या. अखेर दोन्ही ताटांत नखाएवढा एकेक कण राहिला आणि संयुक्त संस्थानांच्या अर्थनीतीवरील लिटल हेरॉनचा निवाडा त्या दोन कणांवर अडला. "घ्या ना तुम्ही." "छे, तुम्हीच घ्या." "मला नको, मी घरी खाल्लंय." पाऊण तास असा गेला. तेव्हा पास्टरबाई दमून म्हणाल्या, "ह्या गावात शेवटचा तुकडा घेणारा एकच माणूस झाला, आणि तो ॲरिझोनात आहे."

कोणी हसले नाही. नंतर सगळेच हसले, आणि लव्हॉनने तोंड फिरवून विनाकारण कॉफीचे भांडे घासायला घेतले.

सभा तहकूब झाली. येथवरचा वृत्तान्त केवळ मनोरंजनार्थ कळविला आहे. त्यामागे काही विनंती दडलेली असेल असा संशय आपण कृपया घेऊ नये.

आपला (नात्याने तरी),
मेरिल

ता. क. रोलंड सहज म्हणत होता, काचविभागाच्या यादीत पहिले नाव त्याने पेन्सिलीने लिहून ठेवले आहे, आणि शाईने लिहिण्याची मुदत एक मार्चपर्यंत आहे. कोणाचे नाव ते मी विचारले नाही. त्याने सांगितले.

ता. क. २. टूसॉनहून येथे यायला ट्रकवाचून अडचण होईल असे आपण म्हणाल. विमानतळावर ट्रक घेऊन मी येईन. बॅटरीविषयी वर लिहिलेच आहे. येताना संत्री आणल्यास हरकत नाही.

ता. क. ३. दोन्ही कण एका डबीत, मधे कागद घालून, आमच्या फ्रीझरमध्ये आहेत. झाकणावर कागदी पट्टीवर तुमचे नाव आहे. निकाल दोन मार्चच्या रविवारपर्यंत तहकूब आहे. कोणता कण घ्यावा हा सर्वस्वी आपला अधिकार. मी डाव्या ताटाजवळ उभा असेन, पण बोलणार नाही. न बोलण्याचा सराव सध्या करीत आहे.

(ह्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. दादा, ह्यांचा घसा बसला नव्हता. ह्यांनी सगळ्यांसमोर तुझी माफी मागितली, थँक्सगिव्हिंगच्या बोलण्याबद्दल, आणि मग पुढचं बोलता येईना. ते लिहायला लाजतायत. डबा घासून ठेवलाय, कडी ह्यांनी सरळ केली. ये, आणि दोन्ही खा. — लव्हॉन)