छिन्नीच्या दोन खुणा

बाबा, वटारच्या बागायतदार काकांची जुनी पाचशे सीसीची मोटारसायकल काल माझ्या फुलपाड्याच्या गॅरेजात आली. तीच, जिने माझा घोटा मोडला. "मध्येच बंद पडते गो, बघ जरा," काका म्हणाले. मी इग्निशनचं झाकण उघडलं आणि तिथेच स्टुलावर बसले.

तुम्ही विसरला असाल, मी नाही. गास गावातलं आपलं गॅरेज, मी चोवीस वर्षांची, तुमच्या हाताखाली तयार झालेली. या गाडीच्या हँडलला तेव्हा ठिणगी पुढेमागे करायची कांडी होती. ठिणगीची वेळ ठरवणारी प्लेट तुम्ही नेहमी पूर्ण पुढच्या टायमिंगला, म्हणजे ठिणगी सगळ्यात लवकर पडेल अशी बांधायचात, कारण किक मारताना कांडी ओढून ठिणगी मागे घेता यायची. मग काकांनी इलेक्ट्रॉनिक किट आणलं आणि ती कांडीच निघाली. आता ठिणगी किती आधी टाकायची ते वेगाप्रमाणे तो डबा ठरवणार होता. मी किटबरोबरचा कागद वाचून दाखवत होते, की आता प्लेट मागे बांधायची. "आयुष्यभर कानानं टायमिंग लावलं, तू कागद कोनाला दाखवतेस?" असं म्हणून तुम्ही जुन्या सवयीने प्लेट पूर्ण पुढे बांधलीत, छिन्नीने खूण केलीत आणि मला म्हणालात, मार किक.

पिस्टन वर पोचायच्या कितीतरी आधी ठिणगी पडली आणि किक उलटी आली. मी फरशीवर पडलेय आणि तुम्ही काकांना सांगताय, "पोरीच्या पायात जोर नाय. हे बायकांचं काम नाय." प्लास्टर निघाल्यावर तुम्ही मला स्पेअर पार्टच्या काउंटरवर बसवलंत. तुम्ही असेपर्यंत मी पान्याला हात लावला नाही. लग्नात, बारशात तो किस्सा सांगून तुम्ही माणसं हसवलीत. मीही हसायचे, कारण चूक माझीच असं मी धरून चालले होते.

काल त्या प्लेटपाशी दोन खुणा दिसल्या. एक पूर्ण पुढे, दुसरी बरीच मागे, बरोबर जागी. दोन्ही तुमच्याच टवका उडालेल्या छिन्नीच्या. काकांना विचारलं, तर म्हणाले, "दुसऱ्याच दिवशी गाडी नेली की मी. पहिल्या किकला चालू!" म्हणजे मी हॉस्पिटलात असताना तुम्ही चूक पाहिलीत, सुधारलीत आणि झाकण लावून मोकळे झालात. चूक कुणाचीही होते, बाबा. पण तुम्हाला माहीत होतं, आणि तरी तुम्ही हसत राहिलात. माझा संताप होतो, आणि तुम्ही मेलात म्हणून तो कमी होत नाही.

काकांनी वाकून बघितलं. "दोन खुना कशाला गो? चुकीची कोनाची?"

मी म्हणाले, माझी.

हे पत्र कुणाच्या हाती पडणार नाही, म्हणून खरं लिहिते. तुमची लाज राखावी असं माझ्या मनातही नव्हतं. पण माझ्या गॅरेजच्या पाटीवर तुमचंच नाव आहे, आणि वटारहून काका एवढ्या लांब त्या नावावर येतात.