इंग्रजीतली भीती

जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
६ नोव्हेंबर २००४

ती. सुगंधामावशीस,
स्वप्नालीचा सा. न. वि. वि.

पत्रिका छापून आल्या. आई खुशीत आहे, बाबा हॉलवाल्याशी हिंदीत भांडताहेत. मला मात्र, मावशी, हळूहळू कोल्ड फीट यायला लागलेत. फोनवर सांगितलं असतं, पण आई शेजारीच बसलेली असते.

योगेंद्र चांगलाच आहे. प्रश्न त्याच्या आईचा, पुष्पलताकाकूंचा. पहिल्यांदा खारी गावात त्यांच्या घरी जेवायला गेले तेव्हा त्या भरभरून बोलत होत्या. त्यांनी काही वाढलं की मीही आठवणीने थँक्यू म्हणत होते. दुसऱ्या खेपेला त्या निम्म्याच बोलल्या, आणि परवा तर वाढून सरळ आत निघून गेल्या. मी त्यांना पसंत नाही, हे उघड आहे. सासू बोलतच नाही अशा घरात जन्म कसा काढायचा? लग्न पुढे ढकलूया, असं योगेंद्रला सांगणार आहे. तुला काय वाटतं ते लवकर कळव.

तुझ्या मायेची,
स्वप्नाली

सावंतवाडी
११ नोव्हेंबर २००४

चि. स्वप्नालीस, अनेक आशीर्वाद.

तुझे ते कोल्ड फीट मी शाळेत वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिले, पण ते खरोखर आलेलं माणूस आज पाहिलं! इंग्रजीत लिहिलं की कसं नीटनेटकं दिसतं, जणू दुसऱ्याच कुणाला झालंय. सरळ म्हण ना बाई, भीती वाटतेय. आणि ते मला नको, तुझ्या पुष्पलताकाकूंना सांग. योगेंद्रला मध्ये घालू नकोस. त्यानंतरही लग्न नको वाटलं, तर तुझ्या आईला मी सांभाळीन.

काळजी घे, जेवत जा.
तुझी मावशी

जेसल पार्क
१८ नोव्हेंबर २००४

ती. मावशीस, सा. न.

काल एकटीच खारीला गेले. काकू भाकऱ्या थापत होत्या. म्हटलं, मला या घरात यायची भीती वाटतेय. त्यांचा हात थांबला. मला वाटलं, संपलं सगळं.

तर म्हणाल्या, भ्या तर त्यांनाच वाटतंय. शिकलेली सून येनार, आपलं बोलनं ऐकून हसेल. आणि थँक्यू म्हटल्यावर उलट काय म्हणायचं ते त्यांना ठाऊक न्हाय, पोराला विचारायची लाज वाटते, म्हणून वाढलं की त्या आत पळायच्या! मावशी, मला हसू आलं आणि रडूही. मग त्यांनी मला चांगलं झापलं, की घरातल्या मानसाला कोन थँक्यू बोलतं?

लग्न ठरल्या तारखेलाच आहे. तू चार दिवस आधी ये.

अशीच पाठीशी राहा,
स्वप्नाली

ता. क. काकूंनी मला न विचारताच दुसरी भाकरी वाढली. मी गुपचूप खाल्ली.